लायसनवाला घेऊन या

ती दुपार मला आजही आठवते. इतकी वर्षं मी ती लोकांना वेगळीच सांगत आलो, एवढंच.

जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. खात्यात ही केस 'आरशाची केस' म्हणून ओळखली जाते. प्रशिक्षणाला आलेल्या नव्या पोरांना मी स्वतः ती दोन-तीनदा रंगवून सांगितली आहे. साहेबांनी नुसत्या आरशावरून खोटा जबाब कसा पकडला, ही ती गोष्ट. टाळ्या मिळाल्या, एक प्रशस्तिपत्रही मिळालं. त्यातला आरसा खरा होता. बाकीचं मी सोयीनं गाळलं होतं. आता जुन्या जालन्यात घरी बसून असतो, गुडघे दुखतात, वेळ भरपूर आहे. गाळलेलं परत भरतो.

आधी आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. गावाकडे पोराचे पाय जमिनीला टेकले की त्याला मोटरसायकल मिळते. परवाना मिळायला अठरा वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते शहरातल्या लोकांसाठी आहे अशी समजूत असते. मग कधीतरी अपघात होतो आणि चालवणारा सोळा-सतराचा निघतो. अशा वेळी ठाण्यातून घरी निरोप जायचा, 'लायसनवाला घेऊन या.' म्हणजे घरातला ज्याच्याकडे परवाना आहे असा कोणीतरी आणा, गाडी तो चालवत होता असं लिहू. पोराचं शिक्षण वाचायचं, बाप वाचायचा, विम्याची कटकट टळायची आणि आमचा तपास चार कागदांत संपायचा. बाल न्याय मंडळाकडे अहवाल नको, परिवहन कार्यालयाशी पत्रव्यवहार नको. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोललो असेन, सांगता येणार नाही. त्यात लाच नव्हती. म्हणून ते पाप आहे असंही वाटत नव्हतं.

त्या दिवशी ठाण्यात दुसऱ्या दिवशीच्या मोर्चाच्या बंदोबस्ताची यादी चालली होती. वाटूरकडच्या रस्त्यावर अपघात झाल्याची आणि एका मेंढपाळ म्हाताऱ्याचा पाय मोडल्याची खबर दवाखान्यातून आली. मी हवालदाराला पाठवून दिलं. तो पंचनाम्याला गेला असतानाच, चारच्या सुमाराला, एक मुलगी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. कॉलेजचा गणवेश, कोपराला खरचटलेलं, ओढणी नाही. ओढणी म्हाताऱ्याच्या पायाला बांधून आली होती, हे नंतर कळलं. तिनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"साहेब, गाडी मी चालवून राह्यल्ते. माझं लिहून घ्या."

"वय?"

"अठराला सात महिने कमी."

"एकटीच होतीस?"

"हो. एसटी आलीच न्हाई. प्रॅक्टिकल होतं. मेंढरं आडवी आली म्हणून ब्रेक दाबला तर गाडी खडीवरून सरकली. मेंढरंवाले बाबा कोकराला ओढायला मधी आल्ते. चूक माझी आहे. जल्दी होती मला."

मी यादीवरून मान वर केली. शेतकऱ्याची मुलगी दिसत होती. बारावीची परीक्षा तोंडावर होती. मला दया आली, हे खरं आहे. पण त्या दयेत सोय जास्त होती, हेही तितकंच खरं आहे.

"घरी जा," मी म्हणालो. "हे पोरीबाळींचं काम नाही. वडलांना सांग, लायसनवाला घेऊन या."

"पण साहेब, चालवत मी होते."

"कळलं. जा आता."

ती गेली. किल्ली टेबलावरच राहिली. ठाणे दैनंदिनीत तिच्या येण्याची नोंद नाही. ती मी घेतली नाही.

दिवे लागायच्या आत तिचा काका आला. सहा फुटांचा, किडकिडीत माणूस. तो एका व्यापाऱ्याच्या पिकअपवर चालक होता. बाजारपेठेतून माल भरायचा आणि गावोगाव पोचवायचा. परवाना त्यानं प्लास्टिकच्या पाकिटात नीट जपलेला होता. तो पुढे करून म्हणाला, "म्याच व्हतो साहेब गाडीवर. मेंढरं आली, ब्रेक लागला न्हाई." घरून पाठ करून आला होता. मी गुन्हा नोंदवला, त्याचा परवाना जप्त केला आणि बंदोबस्ताच्या यादीकडे वळलो.

हवालदारानं दवाखान्यात मेंढपाळाचा जबाब घेतला होता. 'चालवणारा इसम कोण होता हे मला दिसले नाही.' भर दुपारी, गाडी अंगावर पडल्यावर माणसाला चालवणारा दिसत नाही, हे वाचून मला हसू आलं होतं. पण मी विचारलं काही नाही.

आता चालवणारी मुलगी होती ही खबर कागदावर कशी आली ते सांगतो. तपासाच्या कागदांत मी लिहिलं आहे, 'गोपनीय बातमीदारामार्फत माहिती मिळाली.' खबऱ्या वगैरे कोणी नव्हता. चौथ्या दिवशी तीच मुलगी पुन्हा आली. यावेळी माझ्याकडे आलीच नाही. वहीच्या रेघोट्यांच्या पानावर लिहिलेला अर्ज तिनं बाहेर, आलेले कागद नोंदवतात त्या आवक बारनिशीच्या टेबलावर दिला आणि तिथल्या शिपायाला म्हणाली, "पोहोच द्या." शिपाई नवा होता. त्यानं शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि दुसरी प्रत तिच्या हातात दिली.

अर्ज लहानच होता. गाडी मी चालवत होते. मी त्याच दिवशी ठाण्यात येऊन सांगितले होते. माझे काका निर्दोष आहेत. मालकाने त्यांना परवाना परत येईपर्यंत घरी बसायला सांगितले आहे. कृपया त्यांचा परवाना परत द्यावा.

ते पान मी दोनदा वाचलं. लोक म्हणतात माणसाला सदसद्विवेकबुद्धी जागं करते. मला आवक क्रमांकानं जागं केलं. बोललेलं विसरता येतं. शिक्का मारलेला कागद कधीही, कुठेही वर येऊ शकतो. अर्ज केसच्या कागदांना जोडायला हवा होता. तो मी एका जुन्या किरकोळ फाइलीत लावला आणि तपास नव्यानं सुरू केला, जणू मलाच शंका आली होती.

काकाला बोलावलं. माणूस हलायला तयार नव्हता.

"म्याच व्हतो साहेब."

"कुठून निघालास?"

"घरून."

"कशाला?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"काम व्हतं. बिलकुल साधं काम."

अशा माणसाला दरडावून काही होत नाही. खोटं स्वतःसाठी बोलणारा घाबरतो. दुसऱ्यासाठी बोलणारा घट्ट बसतो. मला उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून मी बाहेर आवारात गेलो आणि जप्त केलेल्या गाडीभोवती फिरलो. तिथे मला आरसा दिसला.

आमच्या भागात मोटरसायकल घेतली की पहिल्या आठवड्यात आरसे काढून ठेवतात. गर्दीत अडकतात म्हणतात, दिसायला बरी दिसत नाही म्हणतात. मागून येणारं वाहन कान ओळखतो असा भरवसा असतो. या गाडीला दोन्ही आरसे होते. गाडी डाव्या अंगावर पडली होती, म्हणून डावा फुटला होता. उजवा पान्यानं गच्च आवळलेला होता, जागचा हलला नव्हता.

काकाला गाडीवर बसवलं. "आरशात बघ. काय दिसतं?"

त्यानं बघितलं, मान वाकडी केली, पुन्हा बघितलं.

"मांडी, साहेब."

"कोणाची?"

"माझीच."

हवालदार हसला. "काका, मांडीनं मागची गाडी वळखता व्हय तुम्ही?"

काका हसला नाही. गाडीवर बसल्या बसल्याच त्याचे डोळे भरून आले. आरसा त्याच्यापेक्षा फूटभर बुटक्या माणसासाठी लावलेला होता.

"तिनंच लावायला लावले आरसे," तो म्हणाला. "म्या म्हणलो, पोरी, लोक हसतेत. ती म्हणली, पुस्तकात लिहिलंय. शिकाऊ लायसनचं ते चिन्हांचं पुस्तक असतंय न्हाई का, ते तोंडपाठ हाये तिला. अठरा झाल्याच्या दिवशी परतूरच्या आरटीओ कॅम्पला जाऊन कच्चं लायसन काढायचं, मंग पक्कं, मंग पिकअप शिकायची. तिला ड्रायव्हरच व्हायचंय साहेब. तिचा बाप न्हाई म्हणतो, म्या शिकवून राह्यल्तो."

"मग अठरापर्यंत थांबायचं होतं."

"शेतातल्या रस्त्यावर शिकवत व्हतो. रोडवर घेऊ नको म्हणून सांगितल्तं. त्या दिवशी घेतली." त्यानं नाक पुसलं. "आता नवा कायदा आलाय म्हणतेत. पोरीचं नाव लागलं की पंचवीस वर्षाची हुईपर्यंत लायसनच न्हाई. खरं हाये का?"

खरं होतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पंचविशीपर्यंत त्याला ना शिकाऊ परवाना, ना पक्का. पालकावर किंवा मालकावर गुन्हा, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

"मंग तुम्हीच सांगा," काका म्हणाला. "माझं लायसन जावं का तिचं? माझं निम्मं वापरून झालंय."

मी त्याला आत नेऊन चहा दिला. खोटी माहिती दिली म्हणून त्याच्यावर कारवाई करता आली असती. पण ते खोटं त्याला मीच बोलायला लावलं होतं, म्हणून 'कौटुंबिक भावनेतून' असं लिहून तो मुद्दा मी मिटवला. केस फुटली ती अशी. आरसा नसता तरी ती फुटलीच असती, कारण ती आधीच फुटलेली होती.

हवालदाराला घेऊन मी पुन्हा मेंढपाळाकडे गेलो. पाय प्लास्टरमध्ये, खाटेला टेकून बसला होता.

"बाबा, गाडीवर पोरगी होती ना?"

"व्हती."

"मग दिसलं नाही असं का सांगितलंत?"

म्हातारा म्हणाला, "सायेब, दरसाल या रोडवर आमची मेंढरं मरतेत. एकदा आमचा माणूसबी गेला. थांबतं कोण? ही थांबली. गाडी टाकून पळत आली, पाय बांधला, जीप अडवली, दवाखान्यापस्तोर हात धरून बसली. जी थांबली तिचंच नाव सांगू व्हय?"

त्याचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहून घेतला.

अल्पवयीन मुलीशी बोलायचं ते गणवेशात नाही, ठाण्यात नाही. महिला अंमलदाराला घेऊन साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. वडील ओट्यावर डोकं धरून बसले होते. मी मुलीला सगळं समजावलं. मंडळापुढे यावं लागेल, वडलांना न्यायालयात जावं लागेल, पंचविशीपर्यंत परवाना मिळणार नाही.

तिनं फक्त विचारलं, "काकाचं लायसन परत मिळंल?"

"मिळेल."

"मंग लिहा."

वडील ओरडले, "अगं, सात वर्षं! कळतंय का तुला?"

"कळतंय की बाबा. काकाला सात दिवस घरी बसलेला बघवंना मला."

मी लिहून वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "साहेब, यात मी पहिल्याच दिवशी आल्ते, ते न्हाई."

महिला अंमलदारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "त्याची गरज नाही. तपासाशी त्याचा संबंध नाही."

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

त्याची गरज होती, हे मला मंडळापुढे कळलं. मंडळानं तिला समजुतीनंच वागवलं. पण एका सदस्यांनी विचारलं, "बाळ, तू शहाणी दिसतेस. मग काकांना पुढे करून इतके दिवस गप्प का बसलीस?" मी बाजूच्या खुर्चीवर होतो. मुलीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिच्याजवळ शिक्क्याची प्रत होती, हे मला माहीत होतं. मला ते माहीत आहे, हे तिलाही माहीत होतं. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर तो प्रश्न तिथेच संपला असता. मी जमिनीकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "चुकलं." आणि अहवालात नोंद झाली की मुलीनं सुरुवातीला सत्य दडवलं.

ती नोंद खोटी आहे. हा लेख मी तेवढ्यासाठी लिहितो आहे. त्या मुलीनं सत्य कधीच दडवलं नाही. ते मी दडवलं.

त्यानंतर एक गोष्ट मात्र मी केली. ठाण्यात ते वाक्य पुन्हा बोललो नाही, कोणाला बोलू दिलं नाही. त्यामुळे काम वाढलं, शिव्या खाल्ल्या, दोन पुढाऱ्यांचे फोन आले. 'साहेबाला म्हातारचळ लागलाय' असं हवालदार म्हणतो हेही कानावर आलं. पण दोन-चार वेळा असं झाल्यावर गावात बातमी पसरली की इथे बदली माणूस चालत नाही. काही बापांनी किल्ल्या वर ठेवायला सुरुवात केली. सगळ्यांनी नाही. पण काहींनी केली.

काकाला परवाना परत मिळाला. तो पुन्हा पिकअपवर गेला. वडलांनी दंड भरला. म्हाताऱ्याचं हाड जुळलं, काठी घेऊन मेंढरांमागे जाऊ लागला. मंडळानं मुलीला काही महिने शाळांमधून वाहतुकीचे नियम सांगायला लावले. मग माझी बदली झाली, पुढे निवृत्ती. तिचं काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही, हे जास्त खरं.

गेल्या हिवाळ्यात नातेवाईकाकडे परतूरला गेलो होतो. परिवहन कार्यालयाचा कॅम्प तिथे लागला होता. माझ्या परवान्याची मुदत संपत आली होती, म्हणून चौकशीला डोकावलो. मैदानात चुन्यानं आठचा आकडा आखलेला होता आणि पोरं पाय न टेकवता त्यावरून गाडी फिरवत होती. एका झाडाखाली टेबल टाकून एक तरुणी बसली होती. वाटूरला तिचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान होतं, कॅम्पच्या दिवशी इथे यायची. समोर एक गृहस्थ तावातावानं बोलत होते.

"अगं ताई, सोळाचा हाये, पण अंगानं बघ कसा हाये. कालपस्तोर ट्रॅक्टर चालवून राह्यला."

"काका, अंगाचा रकाना न्हाई फॉर्ममध्ये. जन्मतारखेचा आहे. सोळाला बिनगिअरची, पन्नास सीसीच्या आतली, तीबी तुमच्या सहीनं. गिअरची अठराला."

"पन्नास सीसीची आता मिळती कुठं?"

"न्हाई मिळत. मंग सायकल मिळती."

रांगेतली पोरं खिदळली. गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्षं इकडं-तिकडं करता येतेत का?"

"येतेत की," ती म्हणाली. "माझी सात इकडं-तिकडं झाली. विचारा कुणालाबी. अजून पायीच हिंडून राह्यले."

तेव्हा मी तिला ओळखलं. तिनंही मला ओळखलं. उठून नमस्कार केला, स्टूल दिलं, चहा सांगितला. अठरा झालेल्यांना ती फॉर्म भरायच्या आधी चिन्हं विचारते, आरसे लावायला लावते, गाडीला शिकाऊचा 'एल' लावल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका म्हणून बजावते. तिच्याकडून आलेली पोरं परीक्षेत सहसा नापास होत नाहीत, असं कॅम्पचे निरीक्षक म्हणाले. त्यात मुली बऱ्याच होत्या.

गर्दी ओसरल्यावर मी तिला जे बोलायला सहा वर्षं लावली ते बोललो. मंडळापुढे मी उठायला हवं होतं. तिनं ऐकून घेतलं.

"पोहोच आहे अजून माझ्याकडं," ती म्हणाली. "तेव्हा लई भीती वाटल्ती. मंग राग आल्ता तुमचा. खूप आल्ता. काढून दाखवावी वाटायची. मंग काम वाढत गेलं."

"आता दाखव. मी लिहून देतो, हे खरं आहे म्हणून."

"द्या. पण आरशाची गोष्ट काढू नका त्यातनं. ती खरी आहे."

मी मंडळाला आणि माझ्या जुन्या वरिष्ठ कार्यालयाला पत्रं पाठवली आहेत. त्याचं पुढे काय होईल ते होईल. पोलिसाची नोकरी संपते, जबाब संपत नाही. इतकी वर्षं मी लोकांची खोटी विधानं पकडत आलो. माणूस खोटं बोलतो ते बहुधा कोणीतरी त्याला खरं बोलू दिलेलं नसतं म्हणून, हे मला एका सतरा वर्षांच्या मुलीनं शिकवलं.

निघताना तिनं हाक मारली. "साहेब, पुढच्याच्या पुढच्या साली माझी पंचवीस भरतेत. कच्चं लायसन काढीन. काका तर दिवसभर पिकअपवर असतोय. शिकाऊ माणसाच्या मागं लायसनवाला बसावा लागतो, पुस्तकात लिहिलंय." ती हसली. "याल का?"

मी डॉक्टरकडे जाऊन दाखला घेतला आहे. डोळे ठीक आहेत, गुडघे सोडले तर बाकीचंही ठीक आहे. परवान्याचं नूतनीकरण झालं. आता पाच वर्षं तो चालेल, म्हणजे तिला पुरून उरेल. यावेळी लायसनवाला मीच आहे आणि माझी जागा मागच्या सीटवर आहे. आरसा ती लावेल.